मूर्ती लहान, पहारा महान

दिवाळी जवळ आली की घरोघरी मुलांच्या मागण्यांची यादी तयार होऊ लागते. नवे कपडे, किल्ल्यावर मांडायची चित्रे, सायकल या जुन्या मागण्या तर असतातच. पण शहरातल्या पुष्कळ घरांतून हल्ली त्यांत आणखी एक भर पडली आहे. "आई, आपण एक छोटंसं केसाळ कुत्रं आणू या ना!" मुलांचे बघून मोठ्यांनाही मोह होतो. घर दोन खोल्यांचे, दांडगा कुत्रा ठेवायला जागा नाही. तेव्हा लोकरीच्या गुंड्याएवढे हे पिलू काय मोठा त्रास देणार, असा साधा हिशेब मनात होतो. हा हिशेब नेमका कुठे चुकतो, ते यादीवर शेवटची खूण करण्याआधी वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

लहान आणि लांब केसांच्या कुत्र्यांच्या जाती बऱ्याच आहेत. पॉमेरेनियन, माल्टीज, पेकिंगीज, शिह त्झू ही नावे आता आपल्याकडेही अनोळखी राहिलेली नाहीत. मी लिहिणार आहे ते मात्र ल्हासा अप्सोविषयी. कारण या जातीचा एक प्रतिनिधी सहा वर्षे आमच्या घरात राहतो. त्याच्या समजुतीप्रमाणे आम्ही त्याच्या घरात राहतो, हा भाग वेगळा! त्याचे नाव मोत्या. तिबेटी कुळातल्या या गृहस्थाला असे अस्सल देशी नाव ठेवले ते माझ्या सासूबाईंनी. "कुत्रा म्हटला की मोत्या. उगीच जिभेला पीळ कशाला?" असे म्हणून त्यांनी बारशाचा विषय मिटवला.

एक दाराबाहेर, एक दाराआत

ज्या ल्हासा शहरावरून या जातीला नाव मिळाले ते समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या अडीच पटींहूनही अधिक. हवा विरळ आणि कोरडी, थंडी कडक, वारा धुळीचा, ऊन प्रखर. अशा मुलखातला हा कुत्रा. त्याच्या अंगावर दोन पदरी केस असतात. वरचा पदर लांब, सरळ, जड आणि काहीसा राठ, आतला मऊ. कपाळावरून डोळ्यांवर उतरणारी झुलपे आपल्याला शोभेची वाटतात, पण धूळ आणि उन्हाची तिरीप अडवायला त्यांचा तिकडे खरा उपयोग.

आपल्याकडे कुत्र्याची जागा ओट्यावर किंवा दाराशी. दत्ताच्या पायांशी कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, धर्मराजाने तर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायचे नाकारले. पण घरातल्या गादीवर आपण त्याला फारसे कधी बसवले नाही. तिबेटात कामाची वाटणी निराळी होती. दाराबाहेर दांडगा मॅस्टिफ साखळीला बांधलेला असे आणि मठांतून व मोठ्या घरांतून हा एवढासा अप्सो आत मोकळा वावरे. बाहेरच्याचे काम अंगाचे, आतल्याचे कानांचे. परकी चाहूल लागली की त्याने भुंकून घर जागे करायचे. पुढचे मॅस्टिफने आणि माणसांनी पाहायचे.

नावाची कुळकथाही मोठी गमतीची आहे. तिबेटी भाषेत शेळीला 'रा' म्हणतात. काहींच्या मते 'रापसो', म्हणजे शेळीसारखा, या शब्दावरून 'अप्सो' आला. दुसरे काही जण 'अप्सो सेंग क्ये' हे नाव पुढे करतात आणि त्याचा अर्थ भुंकणारा सिंहासारखा पहारेकरी असा लावतात. शब्दांच्या व्युत्पत्ती शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. तरीही या वादात मी दोन्ही पक्षांना गुण देईन. दुरून पाहावे तर शेळी. दाराची कडी वाजवून पाहावी तर पहारेकरी!

भेट म्हणून आलेला पाहुणा

तिबेटात हा कुत्रा सहसा बाजारात मिळत नसे. स्नेहाची किंवा मानाची भेट म्हणून तो दिला जाई. बाहेरच्या जगात त्याचा प्रवेश झाला तोही अशा भेटींतूनच, आणि त्या वाटेवर आपल्या देशातले एक गाव आहे. तिबेटी सैन्याचे प्रमुख त्सारोंग यांनी भारतीय वैद्यकीय सेवेतल्या कर्नल केनेडींना एक जोडी दिली. ती पुढे गंगटोकला बेली दांपत्याकडे आली. फ्रेडरिक बेली हे १९२१ ते १९२८ या काळात सिक्कीममध्ये ब्रिटिश सरकारचे राजकीय अधिकारी होते. १९२८ साली हे दांपत्य विलायतेला परतले तेव्हा त्या जोडीचा वंशविस्तारही त्यांच्याबरोबर गेला, आणि इंग्लंडातल्या या जातीचा पाया घातला गेला. अमेरिकेची गोष्ट अशीच. सायडम कटिंग नावाच्या निसर्गप्रेमी प्रवाशाला तेराव्या दलाई लामांकडून १९३३ साली एक जोडी भेट मिळाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दलाई लामा निवर्तले. पण त्यांची भेट न्यू जर्सीतल्या कटिंग यांच्या शेतावर वाढत राहिली.

१९३५ साली अमेरिकन केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली ती टेरिअर गटात. म्हणजे उंदीर-घुशींचा माग काढून बिळे उकरणाऱ्या कुत्र्यांच्या पंक्तीत. घरात बसून पहारा करणाऱ्याला शिकाऱ्यांच्या यादीत घातल्यासारखेच हे झाले. १९५६ साली त्याला तिथून काढून शिकार न करणाऱ्या कुत्र्यांच्या गटात नेण्यात आले.

इंग्लंडात वेगळाच गोंधळ झाला. १९३० साली ब्राउनरिग दांपत्याने चीनमधून शिह त्झू जातीचे कुत्रे आणले. सुरुवातीला तेही ल्हासाच समजले गेले. दोघांना प्रदर्शनात शेजारी उभे केल्यावर फरक लोकांच्या नजरेत भरला, आणि १९३४ साली दोन्ही जाती वेगळ्या झाल्या. हा गोंधळ आपल्याकडे पिले घेताना आजही होतो, म्हणून ओळखीची खूण सांगून ठेवते. शिह त्झूचे डोके गोल, डोळे मोठे आणि तोंड आखूड, चपटे. ल्हासाचे डोके अरुंद, डोळे मध्यम आणि नाकाडाला बरी लांबी. पूर्ण वाढ झालेल्या ल्हासाची खांद्यापाशी उंची साधारण २५ ते २८ सेंटिमीटर, वजन ५ ते ७ किलो. शेपूट पाठीवर कमानीसारखी वळलेली.

या चिमुकल्या देहात किती जुने रक्त आहे, हेही कळून चुकले आहे. २००४ साली शास्त्रज्ञांनी ८५ जातींच्या कुत्र्यांची जनुके ताडून पाहिली. लांडग्याला सर्वांत जवळच्या ठरलेल्या थोड्या जातींत बर्फावर गाड्या ओढणाऱ्या हस्कीच्या बरोबरीने ल्हासा अप्सोचेही नाव निघाले. उशीवर झोपलेल्या मोत्याकडे पाहून यावर विश्वास बसणे कठीण आहे. पण त्याच्या ताटलीला हात लावून पाहा, म्हणजे बसतो.

पावले ओळखणारा

आता स्वभाव. ज्यांना सगळ्यांच्या मांडीवर बसणारे खेळणे हवे आहे, त्यांनी दुसरी जात पाहावी. ल्हासा घरच्यांवर जीव टाकतो, पण परक्याला तो आधी पारखतो. पाहुणा आत आला, पाणी प्यायला, यजमान त्याच्याशी हसून बोलले, एवढे सगळे पाहून मगच तो आपला निकाल देतो. निकाल लागण्यापूर्वी पाहुण्याने "अगो बाई, कित्ती गोड!" म्हणत हात पुढे करू नये, हे बरे.

त्याचे कान म्हणजे एक आश्चर्य आहे. आमच्या जिन्यावर पहाटेपासून पेपरवाला, दूधवाला, कचरा नेणारी बाई अशी वर्दळ असते. त्या सगळ्यांची पावले मोत्याला पाठ आहेत. तो डोळाही उघडत नाही. एकदा पेपरवाला गावी गेला आणि त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ आला. तीच वेळ, तेच वर्तमानपत्र, दारावर तसाच थप्प आवाज. पण पावले निराळी. मोत्याने सबंध इमारत जागी केली! भुंकणे हा या कुत्र्याचा खोडसाळपणा नव्हे, तो त्याचा पिढीजात धंदा आहे. तो पूर्ण बंद होणार नाही. "बस, कळलं," या शब्दांवर थांबायला मात्र शिकवता येते. थांबला की लगेच एखादा आवडीचा तुकडा द्यावा.

तो हट्टी आहे, पण मठ्ठ नाही. हुकूम ऐकल्यावर तो तुमच्याकडे अशा नजरेने पाहतो, की आपण विनंतीअर्ज केला असून त्यावर विचार चालू आहे असे वाटावे. वर्गात असे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्यापुढे छडी चालत नाही आणि यांच्यापुढेही नाही. मारलेले तो विसरत नाही. शिकवणी पाच-सात मिनिटांची, रोजची आणि गोडीगुलाबीची असावी. बाहेर नेण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. पहिल्या तीन-चार महिन्यांत त्याला निरनिराळी माणसे, आवाज, वाहने यांची हळूहळू ओळख करून द्यावी. नाहीतर जन्मजात सावधपणाचे पुढे वचवच करण्यात रूपांतर होते.

लहान मुलांच्या बाबतीत विशेष जपावे. लांब केस दिसले की तान्ही मुले ते ओढतात, आणि ओढलेले ल्हासा खपवून घेत नाही. तो जेवत असता किंवा झोपला असता त्याला हात लावायचा नाही, हा नियम मुलांना आधी शिकवावा, मग पिलू आणावे.

वेणीफणी

या केसांचे गुपित २००९ साली उलगडले. बहुतेक जातींच्या कुत्र्यांच्या केसांत जी विविधता दिसते ती मुख्यतः तीन जनुकांचा खेळ आहे. एक केसांची लांबी ठरवते, दुसरे मिशा-भुवया झुपकेदार करते, तिसरे केस कुरळे करते. ल्हासाकडे लांबी आहे, मिशा आहेत, कुरळेपणा नाही. असे केस घरभर फारसे गळत नाहीत, ही गृहिणीला मोठीच सोय. पण जे गळत नाही ते वाढत राहते, आणि सुटलेला केस जमिनीवर पडण्याऐवजी बाकीच्या केसांत अडकतो. गाठ होते, गाठीची गुठळी होते, गुठळीची जटा होते.

या जटा प्रकरणाला वाचकांनी हलके समजू नये. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलीच्या हट्टाखातर दिवाळीत ल्हासाचे पिलू आले. पहिले चार महिने त्याचे फोटो काढण्यात गेले. मग मुलीची परीक्षा आली, आईला कचेरीतून यायला उशीर होऊ लागला, वडिलांनी आधीच कानांवर हात ठेवले होते. पावसाळा संपला तेव्हा पिलाच्या काखांत, कानांमागे आणि पोटाखाली जटांचे नमदे झाले होते. जटा कातडी ओढून धरतात, आत ओल राहते, हवा लागत नाही. पशुवैद्यांनी त्याला गुंगी देऊन मशिनने केस काढले तेव्हा खालची कातडी लालभडक आणि ठिकठिकाणी चिघळलेली निघाली. वरून पाहणाऱ्याला मात्र कालपर्यंत ते गुबगुबीत आणि गोड दिसत होते! दुखणे केसांनी झाकले जाते, हाच या जातीचा खरा धोका.

उपाय अवघड नाही, फक्त रोजचा आहे. केस कोरडे विंचरू नयेत, ते तुटतात. पाण्याचा बारीक फवारा मारावा. थोडेथोडे केस वेगळे काढून आधी टोकाशी, मग मध्ये, मग मुळाशी असा धातूचा कंगवा फिरवावा. वरवर ब्रश फिरवला की वरचा पदर चमकतो आणि आतला गुंतलेलाच राहतो. गाठ लागली तर बोटांनी सोडवावी. आंघोळ दोन-तीन आठवड्यांनी पुरे. पण गुंता काढल्याशिवाय पाणी घालू नये, कारण भिजल्यावर गाठी आणखी आवळतात. आपला साबण नको. कुत्र्यांसाठीचा शाम्पू घ्यावा आणि नंतर केस मुळापर्यंत वाळवावेत. सासूबाईंनी सुरुवातीला खोबरेल तेलाची वाटी पुढे केली होती. तेलावर धूळ बसते आणि कुत्रा ते चाटून काढतो, हे पटल्यावर वाटी परत कपाटात गेली. कंगवा मात्र त्यांनी घेतला तो कायमचा. सासरे गेल्यानंतर दुपारची वेळ त्यांना खायला उठत असे. आता दुपारी तीनला मोत्या स्वतःच त्यांच्या पाटापाशी जाऊन आडवा होतो, आणि दोघांचे हितगुज चालते. त्यात बोलण्याचे काम अर्थात एकीकडेच.

एवढा वेळ नसेल तर केस आखूड ठेवावेत. प्रदर्शनात मिरवायचे नसलेल्या ल्हासाने पायघोळ केस वागवलेच पाहिजेत असे काही नाही. दीड-दोन महिन्यांनी इंच-दीड इंच ठेवून कापून घेतले की काम निम्म्याहून कमी होते. उन्हाळा आला म्हणून चकोट मात्र करू नये. उघड्या कातडीला ऊन भाजते. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात त्याला सकाळी लवकर आणि दिवस मावळल्यावर फिरवावे. रस्त्यावर आपला तळहात पाच-सात सेकंद ठेवून पाहावा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसणार नाही. पावसाळ्यात फिरून आल्यावर पाय पुसावेत आणि बोटांच्या बेचक्यांत व कानांमागे गोचीड आहे का ते पाहावे.

डोळे, कान आणि ताट

डोळ्यांवरचे केस बांधावेत किंवा कापावेत आणि कोपरे ओल्या कापसाने रोज पुसावेत. डोळ्यातून चिकट, दाट स्राव येत असेल तर ते साधे चिपाड म्हणून सोडू नये. अश्रू कमी पडून डोळा कोरडा होण्याचा विकार या जातीत आढळतो, आणि उपचार न झाल्यास दृष्टीवर बेतते. अंधारात धडपडू लागला तर तेही दाखवावे. डोळ्यांच्या पडद्याचा आनुवंशिक ऱ्हासही या जातीला ठाऊक आहे. पिलू फार पाणी पीत असेल, सारखी लघवी करीत असेल आणि वाढत नसेल तर मूत्रपिंडे तपासून घ्यावीत. कान कोरडे, नखे आखूड, दात घासलेले असावेत. रेबीजची पहिली लस साधारण तिसऱ्या महिन्यात, इतर लसी त्याही आधी. पुढे डॉक्टर सांगतील तशा. पुण्या-मुंबईत महानगरपालिकेचा परवानाही लागतो.

दिवाळीच्या फराळाबद्दल मन घट्ट करावे. मनुका आणि द्राक्षे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. तेव्हा मनुका घातलेला लाडू किंवा करंजी नको. कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. तळलेल्या कांद्याचा चिवडा नको. चॉकलेट विषारी. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली मिठाई तर थोडीही घातक. तळणाने स्वादुपिंडाला सूज येते. सहा किलोच्या जिवाला "एवढ्याशाने काय होतंय" हे वाक्य लागू पडत नाही.

आणि फटाके! ज्याचे कान पावले ओळखतात त्याला सुतळी बॉम्ब कसा ऐकू येत असेल, याची कल्पना करावी. अंधार पडण्यापूर्वी त्याला फिरवून आणावे. आतल्या खोलीत खिडक्या-पडदे लावून, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवून बसवावे. पलंगाखाली शिरला तर शिरू द्यावे, ओढून काढू नये. गळ्यात घरचा फोन नंबर असलेला बिल्ला असावा. फार घाबरणारा असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलावे. लांब केस पणतीपासून आणि फुलबाजीपासून दूर, हे वेगळे सांगायला नको. रांगोळीतून चालत आला तर पाय धुवावेत. नाहीतर तो ते चाटतो.

हिशेब

पंधरा मिनिटे रोज विंचरायचे म्हटले तर वर्षाचे एक्याण्णव तास होतात. ही जात बारा ते पंधरा वर्षे जगते. चौदा वर्षे धरली तर जवळजवळ पावणेतेराशे तास. आज आठ वर्षांची असलेली मुलगी तेव्हा बावीस वर्षांची, कदाचित दुसऱ्या गावी नोकरीला असेल, आणि कुत्रा म्हातारा, थोडा आंधळा होऊन दाराशी तिच्या पावलांची वाट पाहत असेल. पिलू मागते मूल. आणायचे की नाही ते मोठ्यांनी या आकड्याकडे पाहून ठरवायचे असते.

केस विंचरायला घरात कोणी नाही, पण कुत्र्याची माया आहे, अशा घरांनी रस्त्यावरच्या एखाद्या देशी पिलाला आसरा द्यावा. आखूड केस, आपल्या हवेला सरावलेला देह, आणि इमानात कोणाहून कमी नाही. ल्हासाच हवा असेल तर नोंदणी असलेल्या माणसाकडून, आई-पिलू दोघांना डोळ्यांनी पाहून घ्यावा. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

दिवाळीच्या धामधुमीत मात्र पिलू घरी आणू नये. तुळशीची लग्ने होऊ द्यावीत, शेवटचा फटाका वाजून जाऊ द्यावा. तोवर कार्तिकी पौर्णिमेपर्यंत जे पंधरा दिवस मिळतात, त्यांत घरात एक छोटी परीक्षा घ्यावी. कुत्रा मागणाऱ्याने रोज पहाटे अर्धा तास लवकर उठून इमारतीभोवती एक फेरी मारावी आणि संध्याकाळी खेळ सोडून पंधरा मिनिटे आजीच्या केसांचा गुंता काढावा. एकही दिवस चुकला नाही, तर खुशाल पिलू आणावे. आणि चुकला, तर आजीची तेवढी सेवा झाली. पिलाचेही कल्याण झाले.